समोर राहणारी बाई

ती दुपार माझ्या डोळ्यांसमोर घडली नाही, तरी आजही ती मला स्वतः पाहिल्यासारखी आठवते. ज्या बाईने ती पाहिली, तिने ती मला इतक्या साध्या शब्दांत सांगितली की माझ्याकडून त्यात काही मिसळायला जागाच उरली नाही.

नव्वदच्या दशकाचा मध्य असेल. मी सुरत शहरात पोलीस इन्स्पेक्टर होतो. वडील अमळनेरकडून मिलमध्ये कामाला आले, मी उधन्यात वाढलो आणि महापालिकेच्या मराठी शाळेत शिकलो. गुजरात पोलिसात मराठी आडनावाचे अधिकारी तेव्हा थोडेच. त्यामुळे खात्यात मला 'खानदेशी साहेब' म्हणत, आणि पांडेसरा, नवागाम, डिंडोली या खानदेशी मजुरांच्या पट्ट्यातले नाजूक प्रकरण आले की ते फिरून माझ्याच टेबलावर येई. या प्रकरणातली काही माणसे अजून त्या भागात राहतात. म्हणून कुणाचेही नाव देत नाही.

प्रकरण वरवर साधे होते. पांडेसऱ्यातल्या एका कारखान्यातून यार्नची, म्हणजे सुताची, खोकी चोरीला गेली होती. खबऱ्याने एका कारीगराचे नाव दिले. कारीगर म्हणजे लूमवर, यंत्रमागावर काम करणारा मजूर. त्या भागाच्या पोलीस ठाण्याचा डी-स्टाफ, म्हणजे साध्या वेशात गुन्ह्यांचा तपास करणारे पोलीस, भर दुपारी नवागामच्या एका गल्लीत त्याला उचलायला गेला. पथकाचा प्रमुख एक जमादार होता. आमच्याकडे हेड कॉन्स्टेबलला जमादार म्हणतात.

फिर्याद याच जमादाराची होती. त्यात लिहिले होते की संशयिताने आरडाओरडा करून जमाव गोळा केला, जमावाने दगडफेक केली, जमादाराच्या हाताला मार लागला, स्वसंरक्षणासाठी किरकोळ बळ वापरावे लागले, आणि संशयित पळताना ओट्यावरून पडून त्याचा पाय मोडला. सरकारी कामात अडथळा आणि पोलिसांवर हल्ला या कलमांखाली तो कारीगर आणि त्याचे दोन शेजारी आरोपी होते. शेजारी जेलमध्ये होते आणि कारीगर पहाऱ्यात सिव्हिल हॉस्पिटलमध्ये.

दुसरीकडे कारीगराच्या बायकोने वकिलामार्फत कमिशनर साहेबांकडे अर्ज केला होता. तिचे म्हणणे, नवऱ्याला झोपेतून ओढून काढले आणि लाठ्यांनी मारले. कमिशनर साहेबांनी अर्ज आणि फिर्याद दोन्ही माझ्याकडे पाठवून दिले. सोबत तोंडी निरोप होता: "लवकर संपवा."

मी प्रथम वर्दीत, जीप घेऊन गल्लीत गेलो. समोरासमोर खोल्यांच्या दोन रांगा, प्रत्येक दाराला जेमतेम गुडघ्याएवढा ओटा, टोकाला एक नळ. मागच्या बाजूच्या लूमचा खडखडाट इतका की बोलणाऱ्याला आवाज चढवावा लागे. ओटे पाहताच फिर्यादीतली एक ओळ मला खटकली. एवढ्या ओट्यावरून पडून माणसाचा घोटा मुरगळेल. या माणसाच्या नडगीचे दोन ठिकाणी तुकडे झाले होते.

पण गल्लीत कुणी काही पाहिलेच नव्हते. ज्याला विचारावे त्याचे उत्तर एकच: "आम्ही घरी नव्हतो, साहेब." एका खोलीत ओली बाळंतीण झोपलेली होती. तिचा नवराही म्हणाला, "आम्ही कुणी घरी नव्हतो." माझा रायटर, म्हणजे जबाब लिहून घेणारा शिपाई, तोंड फिरवून हसला. मला हसू आले नाही. सगळी गल्ली एकच वाक्य बोलते तेव्हा ते कुणीतरी शिकवलेले तरी असते किंवा भीतीने आलेले तरी. इथे ते भीतीचे होते, कारण बोलताना लोक माझ्या तोंडाकडे पाहत नव्हते, जीपकडे पाहत होते.

मग हॉस्पिटलमध्ये गेलो. कारीगर तिशीचा, हडकुळा, शिंदखेड्याकडचा. पाय प्लास्टरमध्ये वर टांगलेला. मी खानदेशीत विचारपूस केली तेव्हा त्याने पहिल्यांदा डोळे उघडून पाहिले.

"मी रातपाळी करून झोपलो होतो, साहेब," तो म्हणाला. "चार-पाच जणांनी दार लोटलं. अंगात वर्दी नाही, काही नाही. मी विचारलं, कोण तुम्ही? एवढंच विचारलं. मला वाटलं, गुंडे आहेत."

"मग?"

"मग बाहेर ओढलं. बायकोनं आरोळी मारली, शेजारचे दोघं सोडवायला धावले. एकानं जीपमधून लाठ्या आणल्या. तेव्हा कळलं, पोलीस आहेत. मी हात जोडले. पण तोवर त्यांचा हात सुरू झाला होता."

"पांडेसऱ्याच्या त्या कारखान्यात कधीपासून कामाला होतास?"

तो गोंधळला. "पांडेसऱ्यात? मी लग्नाआधीपासून उधन्याला आहे, एकाच शेठकडे. पांडेसऱ्यात मी कधी कामच केलं नाही."

मी उधन्याच्या त्या शेठकडे जाऊन खात्री केली. कारीगर खरे बोलत होता. त्याच नावाचा आणि आडनावाचा दुसरा माणूस पलीकडच्या गल्लीत राहत होता, पांडेसऱ्यात कामाला होता आणि चोरीनंतर खोलीला कुलूप लावून गावी निघून गेला होता. खबऱ्याची बातमी चुकीची नव्हती. खानदेशातल्या त्या नावाची माणसे नवागामात दर गल्लीत सापडतात, एवढाच प्रश्न होता. आत जाण्याआधी कुणी बापाचे नाव विचारले असते तर हे प्रकरण घडलेच नसते.

निघताना मी कारीगराला विचारले, "हे सगळं कुणी पाहिलं?"

त्याने दारातल्या पहारेकऱ्याकडे एकदा पाहिले. "समोरची जिजी. ती कायम ओट्यावर बसलेली असते. पण तिला यात ओढू नका, साहेब. तिच्या पोरानं पोलीस भरतीचा फॉर्म भरलाय."

पायाचे असे झालेले असताना हा माणूस दुसऱ्याच्या मुलाच्या नोकरीची काळजी करत होता. मी ते मनात ठेवले.

जिजी म्हणजे पन्नाशीची विधवा बाई. गल्लीत लहानथोर सगळे तिला जिजीच म्हणत. दिवसभर ओट्यावर बसून ती साड्यांना टिकल्या चिकटवायची. पुढच्या खेपेला मी साध्या कपड्यांत, माझ्या स्कूटरवर एकटाच गेलो. तिने बसायला गोणपाट टाकले आणि पाणी दिले. मी गाव सांगितले, वडिलांचे नाव सांगितले. तिचे माहेर आमच्या गावापासून जवळच निघाले. पाऊसपाण्याच्या गोष्टी झाल्या. मग मी विषय काढला.

"मी काही देखं नही, भाऊ," ती म्हणाली. हात चालूच होते.

"तुमचा ओटा त्याच्या दारासमोरच आहे."

"शे ना." तिने मान वर केली. "तुम्ही आज उनात, सकाय चालना जाशात. चौकी आठेच ऱ्हाई."

आज आलात, उद्या जाल, चौकी मात्र इथेच राहील. मुलाने शारीरिक चाचणी पार केली होती, लेखी परीक्षा बाकी होती. पुढे चारित्र्याची पडताळणी जमादाराच्याच ठाण्यातून व्हायची होती. तिने हे काही बोलून दाखवले नाही. आतून मुलगाच बाहेर आला. विशीतला, धावून धावून काटक झालेला. तो हिंदीत म्हणाला, "साहब, माँ को कुछ मालूम नहीं है." आईशी तो खानदेशी बोलत असणार, पण माझ्याशी त्याने मुद्दाम हिंदी धरली होती. मी पाण्याचा पेला ठेवून उठलो. साक्षीदारावर दाब टाकून घेतलेली साक्ष कोर्टात टिकत नाही, हे मला ठाऊक होते. शिवाय ज्या गोष्टीची चौकशी करायला मी गेलो होतो, तीच मला दुसऱ्या पद्धतीने करायची नव्हती.

त्यानंतर मी जमादाराला बोलावले. त्याला मी पूर्वीपासून ओळखत होतो. कामाला वाघ, घरी साधा, रजा न घेणारा. त्याने अनेक चोऱ्या उघडकीला आणल्या होत्या, पदकासाठी त्याचे नावही गेले होते. माझ्यासमोर तो सावधान उभा राहिला. मी त्याला बसायला सांगितले. खुर्चीवर तो टेकला, बसला नाही. आयुष्यभर त्याने लोकांना टेबलाच्या त्या बाजूला बसवले होते. आमचे बोलणे गुजरातीत झाले, इथे मराठीत देतो.

"दगड कुणी मारले?"

"जमाव होता, साहेब. तोंडं कशी लक्षात राहणार?"

"बाकी कुणाला लागले नाहीत, जीपची काच फुटली नाही. तुमच्या हातावर फक्त खरचटल्याची नोंद आहे."

"नशीब चांगलं."

"ज्याला पकडलं तो कुठे कामाला होता?"

"पांडेसऱ्यात. जिथं चोरी झाली तिथंच."

मी गप्प राहिलो. चौकशीत प्रश्नापेक्षा गप्प राहण्याचा उपयोग मला अनेकदा झाला आहे. तो माझ्याकडे पाहत होता. मग त्याने टोपी काढून मांडीवर ठेवली.

"कधी कळलं?" मी विचारले.

"दुसऱ्या दिवशी," तो म्हणाला. "खबरी आला आणि म्हणाला, हा तो नव्हे."

"मग सोडलं का नाही?"

"पाय मोडलेला माणूस सोडायचा कसा, साहेब? सोडला तर विचारणार, पाय का मोडला. त्या दिवशी मला वाटलं होतं, माल हातातून जाईल. बायका ओरडायला लागल्या, माझी माणसं घाबरली. एकदा काठी चालली की मध्ये थांबत नाही. तुम्हीही फिल्डवर काम केलंय."

"फिर्याद त्याच दिवशी लिहिली होती?"

"फिर्याद त्याच दिवशी. पण आरोपी आत ठेवले ते नंतर, कळल्यावर." एवढे बोलून तो सावध झाला. "हे कागदावर घेणार नाही ना?"

"घेणार."

त्याने टोपी परत डोक्यावर ठेवली. "मग मी काही बोललो नाही, साहेब. जमाव होता, दगड आले."

त्याने जबाबात तसेच लिहून दिले. खोलीत आम्ही दोघेच होतो. मला खरे कळले होते, पण कोर्टाला दाखवण्यासारखे माझ्या हातात काहीच नव्हते. माणूस चुकीचा होता हे उधन्याच्या शेठच्या जबाबावरून सिद्ध झाले असते. मार कसा लागला हे सांगणारा तटस्थ माणूस मात्र एकही नव्हता. बायको घरची आणि ते दोन शेजारी स्वतःच आरोपी, म्हणून कुठलाही वकील त्यांना बाजूला काढणार. 'पुरावा नाही' असा शेरा मारून दोन्ही कागद परत पाठवावे लागणार, असे मी धरून चाललो होतो.

तेव्हा जमादारानेच मला मदत केली. अर्थात ती त्याला करायची नव्हती.

माझ्यासमोर जीभ घसरल्याने तो हादरला होता. गल्ली गप्प होती, तोवर त्याला काही धोका नव्हता. पण त्याला त्या गप्प बसण्याचा भरवसा वाटेना. त्याने चौकीतल्या एका शिपायाला टाइप केलेला गुजराती जबाब देऊन जिजीकडे पाठवले. जबाबात जिजीच्या नावाने लिहिले होते की, मी माझ्या ओट्यावर बसले होते, लोकांनी दगड मारले, समोरचा माणूस पळताना पडला, पोलिसांनी त्याला हात लावला नाही. जिजी मराठी चौथी शिकलेली होती. गुजराती तिला वाचता येत नसे, म्हणून तिने शिपायाकडून तो कागद वाचून घेतला.

दुसऱ्या सकाळी ती माझ्या ऑफिसात आली. धुतलेले लुगडे, डोक्यावर पदर. मुलगा मागे होता, पण आत आला नाही. दाराबाहेर भिंतीला टेकून उभा राहिला.

"भाऊ, लिही घ्या," ती म्हणाली.

"काय लिहू?"

"जे मी देखं ते."

मी विचारले, मागच्या वेळी नाही म्हणालात, आज काय झाले? तिने शिपायाची हकीकत सांगितली. "मी त्याले सांगं, भाऊ, हे मी बोलले नही. तो म्हणे, बोलाचं नही, नुसती सही कर. तुन्हा पोऱ्याचा कागद आम्हनाकडेच येवाव शे." तिने डोक्यावरचा पदर सारखा केला. "चूप ऱ्हानं येगळं शे. चूप तर मी मरेपर्यंत ऱ्हायती. खोटं बोलनं येगळं."

बाहेरून मुलाचा आवाज आला. या वेळी त्याने हिंदी सोडली होती. "आई, तू त्या कागदावर सही कर नाही तर नको करू. पण इथं काही लिहून दिलं तर माझं संपलं, एवढं ध्यानात ठेव."

तिने दाराकडे पाहिलेही नाही. "त्या पोराचा पाय माझ्या डोळ्यांसमोर तोडला," ती मला म्हणाली, आणि हे तिने शुद्ध मराठीत सांगितले, सरकारी कागदावर जाणार आहे म्हणून. "तो पडला नाही. त्याला दोघांनी धरलं. पाय ओट्याच्या कडेवर आडवा ठेवला. जमादारानं वरून काठी मारली. पहिली मारली तेव्हा तो ओरडला. दुसरी मारली तेव्हा ओरडला नाही. दगड कुणी मारला नाही. दगड मारायला हात कुणाचे मोकळे होते? बायकांनी पोरं धरली होती."

मी लिहीत होतो. माझ्या नोकरीत मी खून पाहिले आहेत, जळालेली माणसे पाहिली आहेत. पण त्या सकाळी एका वाक्यानंतर मला पेन थांबवावे लागले. "दुसरी मारली तेव्हा ओरडला नाही" असे बनवून सांगता येत नाही. ते पाहिलेल्यालाच सांगता येते.

तिचा जबाब पोलिसांच्या हाती राहू नये म्हणून मी तो मॅजिस्ट्रेटसमोर शपथेवर नोंदवून घेण्याची व्यवस्था केली. कोर्टाचे काम गुजरातीत. तिचे बोलणे एका कारकुनाने गुजरातीत करून सांगितले. मॅजिस्ट्रेटनी विचारले, "जखमी माणूस तुमचा कोण?"

"कोणी नही," ती म्हणाली. "समोर राहतो."

"पोलिसांशी काही वैर?"

"वैर कशाले? मन्हा पोऱ्या पोलीस व्हवाले निंघेल शे."

मॅजिस्ट्रेटनी कारकुनाकडे पाहिले आणि हे वाक्य पुन्हा सांगायला लावले.

तिच्या साक्षीने गल्लीचे तोंड उघडले. आठवडाभरात ती बाळंतीण आणि तिचा नवरा माझ्या ऑफिसात येऊन घरी होतो असे सांगून गेले. मग इतरही आले. पोलिसांवरच्या हल्ल्याची फिर्याद खोटी ठरवून मी कोर्टात समरी रिपोर्ट, म्हणजे गुन्हा बंद करण्याचा अहवाल, पाठवला, दोन्ही शेजारी सुटले, कारीगरावरचा पहारा उठला. जमादार निलंबित झाला आणि त्याच्यावर गुन्हा दाखल झाला. काही दिवसांनी माझी बदली मुख्यालयात वाहनांच्या शाखेत झाली. बदलीचे कारण कुणी सांगितले नाही, मीही विचारले नाही. मेसमध्ये काही जण माझ्या टेबलावर बसेनासे झाले. त्यांतले एक-दोन नंतर पुन्हा बसू लागले.

जमादारावरचा खटला वर्षानुवर्षे चालला. साक्षीदार गावी गेले, काहींनी घरे बदलली. शेवटी संशयाचा फायदा देऊन कोर्टाने त्याला सोडले. मात्र जिजीने उलटतपासणीत एक शब्द बदलला नव्हता, असे सरकारी वकिलाने मला सांगितले. कारीगराचा पाय आखूड राहिला. लूमवर बारा तास उभे राहणे त्याला जमेना. शेठने त्याला गेटवर बसवले.

पुढे प्रशिक्षण केंद्रात नवीन फौजदारांना शिकवताना मी हे प्रकरण हमखास सांगत असे. तपासाच्या दृष्टीने त्यात दोन गोष्टी आहेत. खबर खरी असली तरी माणूस खरा आहे का, हे दारात पाऊल टाकण्याआधी पाहावे. आणि मारहाण दोन मिनिटांची असते, ती झाकायला महिने लागतात. जमादार त्या दोन मिनिटांमुळे अडकला नाही, तर त्यानंतर जे केले त्यामुळे अडकला. मुले लिहून घेत. शेवटी प्रत्येक तुकडीतून एकच प्रश्न येई: "सर, जमादाराचं पुढे काय झालं?" त्या बाईचे पुढे काय झाले, हे मला एकानेही विचारले नाही. म्हणून ते इथे सांगतो.

तिचा मुलगा पोलिसात लागला नाही. तो लेखी परीक्षेत नापास झाला. मी स्वतः चौकशी केली होती. पडताळणीपर्यंत त्याचा कागद पोचलाच नव्हता, कुणीही आडवे आले नव्हते, त्याला गुणच कमी पडले होते. पण त्याला ते पटले नाही. आईच्या साक्षीने आपले वाटोळे झाले, असे तो गल्लीत सांगत फिरे. मग तो इच्छापोरला एका कंपनीत ठेकेदाराकडे लागला. आईशी बरीच वर्षे कामापुरतेच बोलत असे.

निवृत्त झाल्यावर मी एकदा तिला भेटायला गेलो. गल्लीत आता वरचे मजले चढले होते. ती थकली होती, काम सोडले होते, पण बसायची जागा तीच. मुलगा कामावर होता. मी तिला म्हणालो, "जिजी, एक गोष्ट सांगायची राहिली. त्याचा निकाल खरा होता. साक्षीमुळे काही झालं नाही. मी त्याला समोर बसवून सांगतो, हवं तर कागदही काढून आणतो."

तिने हात हलवून मला थांबवले.

"माले माहीत शे, भाऊ. तो अभ्यासच करे नही." मग हसली. "पन त्याले कोनवर तरी रागवानं व्हतं. मी म्हनं, मन्हावर रागव. बाहेर कोनवर रागवता तर आखो काही कांड करता."

हे तिने त्याला कधी सांगितले नव्हते, आणि मीही सांगू नये असे तिने मला बजावले. तो आता दोन मुलींचा बाप आहे, सुखी आहे. म्हणून तिचे बजावणे मोडून ते इथे लिहिताना मला फारसे वाईट वाटत नाही.

खात्यात आम्ही प्रकरणाचा हिशेब शिक्षेवरून करतो. या प्रकरणात शिक्षा कुणालाच झाली नाही, असे दप्तर सांगते. मला ते मान्य नाही. ती झाली एका बाईला, तिच्याच घरात, मुलाच्या अबोल्याच्या रूपाने, कित्येक वर्षे. तिने पाहिले ते सांगितले होते, एवढाच तिचा गुन्हा. त्या काळात ती एकदाही माझ्याकडे तक्रार घेऊन आली नाही.